ओपलचा डावा कान

“तिला कशाला बाहेर बोलावता? शेगडीपाशीच बरी आहे ती!”

भिंतीपलीकडून ओपलचा आवाज आला आणि सुक्या मक्याच्या सूपात डाव फिरवणारा लव्हिनाचा हात थबकला... क्षणभरच! त्र्याऐंशी वर्षांच्या त्या हाताला असल्या वाक्यांची सवय झाली होती. डाव पुन्हा फिरू लागला.

बाहेरच्या खोलीत चाळीस माणसं दाटीवाटीने बसली होती. ओपलची नात रोशेल नर्स झाली म्हणून आज तिला सानिश भाषेतलं नाव मिळणार होतं. बाहेरचं जग ज्यांना अरिकारा म्हणतं ते अमेरिकेतले मूळ रहिवासी स्वतःला सानिश म्हणवतात, आणि नाव द्यायचं तर ते भाषा येणाऱ्या वडीलधाऱ्या माणसाने द्यायचं अशी त्यांची रीत. ती भाषा आईच्या मांडीवर शिकलेली माणसं आता साऱ्या व्हाइट शील्ड गावात एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली होती, आणि त्यातली एक याच घरात, ओपलची सख्खी थोरली बहीण, ॲप्रन बांधून सूप ढवळत उभी होती. पण मोठ्या मनाच्या ओपलबाईंनी नव्वद मैलांवरून व्हर्जिल नावाचा एक गृहस्थ आणवला होता. त्याने भाषा पुस्तकातून घेतली होती आणि हॅटला पीस खोचलं होतं. एवढं लोकांना पुरत होतं!

व्हर्जिलने चष्मा लावला, खिशातून कागद काढला आणि नाव वाचलं.

नाव होतं रोशेलच्या खापरपणजीचं... ‘पहिलं कोवळं कणीस’. सानिश भाषेत कितीतरी शब्दांचं शेवटचं अक्षर कंठातून काढायचंच नसतं, ते नुसत्या श्वासावर सोडायचं असतं, झोपलेल्या बाळाच्या कानाशी बोलावं तसं. व्हर्जिलने ते छाती फुगवून गर्जून म्हटलं. मधलं एक अक्षरही गिळलं. त्यामुळे जे बाहेर पडलं त्याचा अर्थ लावायचाच तर ‘उंदराने कुरतडलेलं कणीस’ असा काहीसा लागत होता! चाळीस जणांनी गंभीरपणे माना डोलावल्या. का नाही डोलावणार? नंतर रीतीप्रमाणे पाहुण्यांना गोधड्या वाटल्या जाणार होत्या!

लव्हिनाला हसू आवरलं नाही. एक फुसका आवाज तिच्या ओठांतून निसटलाच.

दार धाडकन उघडलं. ओपल आत आली. चौऱ्याहत्तर वर्षांची, कडक इस्त्रीचा ब्लाऊज, गळ्यात मण्यांची माळ.

“हसलीस ना ताई? चाळीस माणसांपुढे हसलीस?”

“सूपात मीठ बघ बरं जरा.”

“मीठ! मीठच चोळत आलीस जन्मभर!” ओपलने मागचं दार लोटून घेतलं. “तो परका माणूस आला, चुकत का होईना, दोन शब्द देऊन गेला. तू काय दिलंस? तू, आई, आजी... तिघी बोलत बसायच्या. मी दारात आले की तिघींची तोंडं मिटायची, आणि तुझं ते मोडकं इंग्रजी सुरू व्हायचं. ‘ओपल, भूक लागली का? ओपल, अभ्यास झाला का?’ जशी मी जनगणनेला आलेली सरकारी बाई! आई तरी बिचारी साधी होती, तिला तूच शिकवलंस मला वगळायला. भाषेची कंजूष म्हातारी! घेऊन जा आता थडग्यात!”

लव्हिनाने डाव पुन्हा सूपात बुडवला. जे बोलायला हवं होतं ते एकोणसत्तर वर्षांपूर्वीच तिच्या गळ्यात कायमचं अडकलं होतं...

तेव्हा गाव खाली होतं, नदीकाठच्या गाळाच्या जमिनीत, धरणाच्या पाण्यात बुडायच्या आधी. लव्हिना चौदाची, ओपल पाचची. लव्हिनाने या शेंडेफळाला कडेवर वाढवलेलं, आणि कडेवरच शब्द शिकवलेले. पाखराचं नाव, पावसाचं नाव, चिडवायची नावं! ओपल पोपटासारखी बोलायची. त्या दुपारी शाळेतर्फे एक साहेब मुलांची यादी करायला अंगणात आला आणि पाच वर्षांची ओपल त्याच्या पुढ्यात जाऊन, कमरेवर हात ठेवून, सानिशमध्ये म्हणाली, “तुझं नाक बटाट्यासारखं आहे!” हे लव्हिनानेच शिकवलेलं. साहेबाला शब्द कळले नाहीत, पण भाषा कळली. त्याच्या कपाळावर आठी पडली आणि त्याने वहीत काहीतरी लिहून घेतलं.

आणि त्यांची आई हेस्टर... जिने कधी कुत्र्यावर हात उगारला नव्हता, ती आई दारातून धावत आली आणि उघड्या तळव्याने तिने पोरीच्या डाव्या कानशिलावर अशी चपराक मारली, की ओपल गवतात जाऊन पडली! हेस्टर लहानपणी नऊ वर्षं दूरच्या सरकारी निवासी शाळेत होती. तिथे आपली भाषा तोंडातून निघाली की असंच मारायचे, असंच, उघड्या तळव्याने, कानावर. हात तिचा होता, पण त्या क्षणी तो कुणाच्या हुकमाने उठला हे तिचं तिलाही समजलं नाही...

साहेब समाधानाने निघून गेला. ओपलच्या कानातून रक्त आलं, मग पू आला, मग आठवडाभर ताप. ताप उतरला तेव्हा पोरीला त्या दुपारचं काहीच आठवत नव्हतं आणि डावा कान गेला होता.

हेस्टरने लव्हिनाला धान्य साठवायच्या खड्ड्यापाशी नेलं आणि तिचे पाय धरले. आईने लेकीचे पाय धरले! “तिला कधी सांगू नकोस गं... तापाने कान गेला म्हण. आणि आपली भाषा तिच्याशी कधी, कधी बोलू नकोस. शपथ घे. माझ्या जिवाची शपथ!”

लव्हिनाने शपथ घेतली. चौदा वर्षांच्या मुलीला शपथ किती लांब असते हे कुठे ठाऊक असतं!

कुणी बोलेना तशी ओपल आपली भाषा विसरली. ती शिकली, शिक्षिका झाली, पंचायतीच्या समित्यांवर गेली. लव्हिना घरी राहिली. आजीला पाहिलं, आईला पाहिलं, लग्न ठरलेलं तेही सोडलं, आणि शेवटी ओपलच्या घरातल्या मागच्या खोलीत येऊन राहिली. मुलगी फार्गोला कामाला गेल्यावर ओपलवर नात वाढवायची वेळ आली. ओपलने तिला नावाने वाढवलं, लव्हिनाने हातांनी. भिंतीवर हेस्टरचा मोठा फोटो होता. ओपल रोज त्यापुढे उभी राहायची आणि मग मागे वळून बहिणीकडे बघायची... त्या नजरेत काय असायचं ते सांगायला नको.

नाव ठेवल्याच्या दुसऱ्या दिवशी ओपल बैठकीला गेली तेव्हा रोशेल स्वयंपाकघरात येऊन बसली.

“मोठी आजी, खरं सांग, काल माझं काय नाव पडलं?”

“विचारू नकोस. उंदीर हसतील.”

“मग खरं काय आहे ते तू सांग.”

लव्हिनाने हात पुसले. आईने ओपलशी बोलू नकोस म्हटलं होतं, रोशेलचं नाव त्या शपथेत नव्हतं. वकिलालाही लाज वाटावी असली पळवाट! पण म्हातारपणी माणसाला पळवाटाच सापडतात. तिने नाव उच्चारलं, शेवटचं अक्षर श्वासावर सोडून. रोशेलने म्हटलं. चुकलं. पुन्हा म्हटलं. आणि त्या दिवसापासून ओपल घराबाहेर पडली की दोघींची शाळा भरू लागली. हात, डोळा, कान, नाक. मी पाहिलं, तू पाहिलंस, त्याने पाहिलं. सानिशमध्ये कुणी केलं ते वेगळं सांगायला लागत नाही, ते क्रियापदाच्या पोटातच असतं. रोशेल ते दवाखान्याच्या पावत्यांच्या मागे लिहून घ्यायची.

दीड वर्ष असं गेलं. मग ओपलचा उजवा कानही कमी ऐकू लागला आणि ती बिस्मार्कला कानाच्या डॉक्टरकडे गेली. परतली तेव्हा तिने कोटही काढला नाही. सरळ लव्हिनाच्या खोलीत शिरली.

“तापाने गेला ना माझा कान?”

लव्हिना शिवत होती. सुई थांबली.

“डॉक्टर म्हणतो, तापाने असं होत नाही. आतलं हाडच हललंय. लहानपणी कुणीतरी जोरात मारलेलं असणार म्हणाला. कुणी मारलं मला ताई? तू होतीस ना तिथे? सगळं तुलाच माहीत असतं ना!”

लव्हिनाचं लक्ष उघड्या दारातून बाहेर गेलं. समोरच्या भिंतीवर हेस्टर हसत होती...

“कुणी मारलं?”

“मी.”

शब्द किती लहान होता! त्यामागे केवढं आयुष्य गेलं हे कुणाला दिसणार?

ओपल मागे सरकली. मग हसली. ते हसणं रडण्यापेक्षा भयंकर होतं!

“वाटलंच मला! आईच्या मायेत वाटेकरी आला ते सोसवलं नाही तुला. आधी कान घेतलास, मग भाषा. आणि मी मूर्ख, तुला घरात ठेवलं, खाऊ घातलं! तुझ्यासारख्या बाईच्या हातचं सूप मी वीस वर्षं प्यायले याची मला शिसारी येते!”

“ओपल...”

“माझं नाव घेऊ नकोस. उद्या या घरात दिसू नकोस.”

लव्हिना दुसऱ्या दिवशी दिसली नाही. एक बॅग, शिवणाचा डबा आणि दोन गोधड्या घेऊन ती हायवेपलीकडच्या वृद्धांच्या चाळवजा घरांत राहायला गेली. खिडकीबाहेर तेलाचे ट्रक दिवसभर धुरळा उडवत जायचे. ओपलने चर्चमध्ये, बैठकीत, किराणा दुकानात, जिथे जीभ पोचेल तिथे सांगितलं. “पाच वर्षांच्या पोरीला बहिरं केलं तिने!” बायका लव्हिनाला पाहून रस्ता बदलू लागल्या. ज्या बायकांनी तिच्या हातची तळलेली पोळी चाटूनपुसून खाल्ली होती, त्याच! एकीने तर तोंडावर विचारलं, “रात्री झोप येते का हो तुम्हाला?” लव्हिना म्हणाली, “येते. ट्रक थांबले की.”

फक्त रोशेल यायची. “मोठी आजी, तू मारलंस हे मला पटत नाही,” ती म्हणायची.

“तुला कोण विचारतंय? तू क्रियापदं म्हण.”

पुढच्या वसंतात विद्यापीठातून एक पाकीट आलं. चाळीसेक वर्षांपूर्वी तिथला कुणी माणूस टेपरेकॉर्डर घेऊन म्हाताऱ्यांचे आवाज गोळा करत फिरला होता. आता त्या टेपा नव्याने उतरवून ज्याच्या त्याच्या घरी पाठवल्या जात होत्या. त्यात हेस्टरचा आवाज होता... सव्वीस मिनिटं, सगळं सानिशमध्ये!

ओपल वेडीपिशी झाली. उजवा कान यंत्राला चिकटवून तिने आईचा आवाज दिवसभर ऐकला, रडली, आणि एक शब्दही समजला नाही. व्हर्जिलला बोलावलं. त्याने डोळे मिटून, मान हलवत सारं ऐकलं, दोनदा कॉफी प्याला, आणि म्हणाला, “मक्याबद्दल बोलतायत बहुधा.”

“सव्वीस मिनिटं मक्याबद्दल?” रोशेल म्हणाली.

“मका मोठा विषय आहे,” व्हर्जिल म्हणाला आणि हॅट घालून निघून गेला.

शेवटी एका रविवारी सकाळी रोशेल गाडी घेऊन हायवेपलीकडे आली. मागून ओपल उतरली. दारातच उभी राहून म्हणाली, “मी तुझ्यासाठी आलेले नाही. आईसाठी आलेय. ती काय म्हणते तेवढं सांग, मी जाते.”

लव्हिनाने खुर्ची पुढे केली. ओपल बसली नाही.

यंत्र सुरू झालं. आधी खरखर, मग एका पुरुषाचं इंग्रजी, काहीही बोला म्हणत होता, आणि मग... आई! लव्हिनाने टेबलाची कड घट्ट धरली. पहिल्या दहा मिनिटांत खरोखरच मका होता. कणसं कशी वाळवायची, बी कसं राखायचं. लव्हिना एकेक वाक्य इंग्रजीत सांगत होती. मग आई थांबली. टेपवर तिचा श्वास ऐकू आला. आणि ती अगदी हळू, एका लयीत पुन्हा बोलू लागली.

लव्हिनाचा चेहरा पांढरा पडला.

“काय म्हणतेय?” ओपलने विचारलं.

“मक्याचंच. खड्डा कसा लिंपायचा... तळाशी गवत कसं घालायचं...”

“आई रडतेय ताई. गवत घालताना रडतेय?”

“आवाजच तसा होता तिचा. व्हर्जिल बरोबर सांगत होता. मक्याचंच आहे सगळं.” लव्हिनाने यंत्राकडे हात नेला. “पुरे आता.”

रोशेलने तो हात वरच्यावर धरला.

“मोठी आजी,” ती म्हणाली, “हे खोटं आहे.”

“गप्प बस!”

“ती ‘कान’ म्हणाली. दोनदा म्हणाली. ‘माझा हात’ म्हणाली. आणि तो मारण्याचा शब्द...” रोशेलने यंत्राकडे बोट केलं. “तो ‘तिने मारलं’ असा नाही मोठी आजी. ‘मी मारलं’ असा आहे. मीच म्हणतेय ती. मला तूच शिकवलंस!”

यंत्र बोलतच होतं. ओपलने कधी नव्हे ते बहिणीकडे नीट पाहिलं आणि ती खुर्चीत कोसळल्यासारखी बसली.

“पहिल्यापासून लाव,” ती म्हणाली. “आणि खरं सांग. एक शब्द जरी बदललास तर...”

लव्हिना आईच्या फोटोला वाचवू शकत होती, आईच्या आवाजाला वाचवणं तिच्या हातात नव्हतं. तिने सांगितलं. आईच्या मागोमाग, वाक्यावाक्याला थांबत:

“...लहानीला मी मारलं. माझ्या हाताने. मला शाळेत मारायचे तसं. तिने काय केलं होतं? चार शब्द बोलली होती, आपलेच. तिचा कान गेला. मी मोठीच्या तोंडावर कुलूप घातलं. ती अजून पाळते. लहानी तिचा तिरस्कार करते, मी बघते, जेवते, झोपते, काही बोलत नाही. मला लहानीचं प्रेम हवं आहे म्हणून मी मोठीला विकलं. या माणसाला काही समजत नाही, म्हणून त्याच्या यंत्राला सांगते. पुढे कुणाला समजलं तर माझ्या मोठ्या मुलीला सांगा, आई म्हणाली, आता बोल...”

यंत्र खट्ट करून थांबलं.

मग ओपल बोलली. तिच्या स्वरात विष होतं. “म्हणजे तो फोटो... रोज सकाळी मी ज्या बाईपुढे हात जोडले ती भित्री, खोटारडी...”

“खबरदार!” लव्हिना उठून उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदाच तिचा आवाज चढला होता. “आईला एक शब्द बोलायचा नाही! तिला नऊ वर्षं कुणी काय केलं ते तुला ठाऊक आहे? मी तिच्या पाठीवरचे वळ पाहिलेत!”

“मग तू का ओढून घेतलंस अंगावर?” ओपलही उठली. दोघी म्हाताऱ्या समोरासमोर उभ्या होत्या. “कोण समजतेस तू स्वतःला? संत? मला विचारलंस एकदा तरी? तू माझी आई राखलीस, उपकार झाले! पण माझी बहीण कुणी घेतली? सत्तर वर्षं मला बहीण नव्हती ताई! मी एका चांगल्या बाईचा छळ करत राहिले आणि तू मला करू दिलास! तुझी थोरवी झाली, माझं काय झालं ते बघ. मी कोण झाले ते बघ!”

हे लव्हिनाला कधी सुचलंच नव्हतं. त्यागाच्या ओझ्याखाली मान इतकी वाकली होती, की समोरच्या माणसाचा चेहरा तिला दिसलाच नव्हता... ज्या मौनाचा तिला मनोमन अभिमान होता, त्या मौनाने दोन बहिणी मारल्या होत्या!

“चुकलं माझं,” ती पुटपुटली.

“चुकलं!” ओपल ओरडली. “माझी चूक मोठी, आणि माफी तू मागतेस! एवढंही माझ्या वाट्याला येऊ देणार नाहीस?” आणि तिने बहिणीला दोन्ही हातांनी कवटाळलं. इतक्या जोरात, की रोशेलला वाटलं, म्हातारीची हाडं मोडतील. दोघींच्या तोंडून एकच आवाज निघत होता, हुंदका म्हणावा की किंकाळी, कुणास ठाऊक...

पुढच्या रविवारी ओपल चर्चमध्ये उभी राहिली आणि ज्यांच्या ज्यांच्यापुढे तिने बहिणीचं नाव नासवलं होतं त्या सगळ्यांसमोर खरं काय ते सांगितलं. ज्या बायकांनी रस्ते बदलले होते त्या आता डोळे पुसत लव्हिनाच्या दारात रांग लावून उभ्या राहिल्या. लव्हिनाने कुणालाही आत घेतलं नाही. “मला आंघोळीला जायचंय,” म्हणून तिने दार लावून घेतलं. चार दिवस ती आंघोळीलाच जात होती!

ओपल तिला घरी न्यायला आली. लव्हिना म्हणाली, “मी येणार नाही. मला इथे सवय झालीय.”

“ट्रकांची?”

“ट्रकांची. ते निदान टोमणे मारत नाहीत.”

ओपल तणतणत निघून गेली. दुपारी रोशेलची गाडी परत आली तेव्हा मागे गादी बांधलेली होती, उशा होत्या, ओपलच्या औषधांचा डबा होता. ओपलने स्वतः गादी फरफटत आत आणली आणि खिडकीखाली टाकली.

“तिथे माझी खुर्ची असते,” लव्हिना म्हणाली.

“आता नसते.”

“किती दिवस राहणार आहेस?”

“घालवतेस का?”

लव्हिनाने खुर्ची उचलून भिंतीशी नेली आणि शेगडीवर पाणी ठेवलं. मग ओपलकडे पाठ करून, नेहमीच्या स्वरात, ती सानिशमध्ये काहीतरी म्हणाली.

ओपल थांबली. तिला वाटलं, आता इंग्रजी येईल. इतकी वर्षं ते असंच यायचं... पण इंग्रजी आलं नाही. लव्हिना वळली, बहिणीच्या डोळ्यांत डोळे घालून तिने तेच वाक्य पुन्हा म्हटलं. सावकाश. मग तिसऱ्यांदा.

ओपलने भांबावून टेबलाकडे पाहिलं. कप होते, साखरेचा डबा होता, चमचे होते. तिने साखर उचलून पुढे केली.

लव्हिनाने कप मागितले होते. तिने साखर घेतली.